विद्यापीठाकडे कोट्यवधींच्या ठेवी असताना परीक्षा शुल्क का वाढतं? अधिसभा, म्हणजे विद्यापीठाची सिनेट, नेमकं करते काय?

ठेवींचं आधी उरकतो. त्यातला बराच पैसा हात लावण्याजोगा नसतो. कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, एखाद्या योजनेचं आलेलं पण न खर्चलेलं अनुदान, देणगीदारांनी पदकांसाठी ठेवलेल्या रकमा (ज्यांच्या व्याजात आता सोन्याचा मुलामासुद्धा धड बसत नाही). शुल्कवाढीचं कारण रिकाम्या पदांत आहे. शासन पगार देतं ते मंजूर आणि भरलेल्या पदांचा. पद रिकामं राहिलं की शासनाचे पैसे वाचतात, पण वर्ग थोडेच थांबतात? मग विद्यापीठाच्या विभागांत कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापक नेमायचे आणि त्यांचं मानधन विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून द्यायचं. त्या निधीत येतं ते मुख्यतः परीक्षा शुल्क आणि संलग्नीकरण शुल्क (विद्यापीठाशी जोडलेली महाविद्यालयं भरतात ते). त्यातच मोठी महाविद्यालयं स्वायत्त होत चालली, त्यांच्या परीक्षा ती स्वतः घेतात. उरलेल्या महाविद्यालयांतल्या मुलांवर भार पडणारच.

आता अधिसभा. अध्यापक, प्राचार्य, पदवीधर वगैरेंच्या प्रतिनिधींची ही सभा. मी अध्यापक गटातून निवडून गेलो होतो, म्हणून "चहा-बिस्किटांची सभा" हे शब्द ऐकले की डोकं फिरतं. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाचं कलम 28 काढून बघा. वित्तीय अंदाज आणि अर्थसंकल्प यांच्या बाबतीत अधिसभा हेच प्रमुख प्राधिकरण आहे. व्यवस्थापन परिषद नाही, कुलगुरू नाहीत.

आमची अर्थसंकल्पाची बैठक मार्चमध्ये होती. जाडजूड पुस्तिका हातात पडली तेव्हा वाचायला जेमतेम वेळ उरला होता. ती तशीच पडते. बहुतेक सभासद भाषणाचं पान वाचतात. मी शेवटच्या रकान्यापासून सुरुवात केली: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च. गरजू विद्यार्थ्यांच्या अर्थसहाय्याला भरघोस तरतूद होती आणि खर्च नावापुरता. सुरक्षारक्षक, गाड्या, दुरुस्त्या या शीर्षांवर (म्हणजे खर्चाच्या बाबींवर) मात्र वर्षाच्या मध्यात बदललेला सुधारित अंदाजसुद्धा ओलांडलेला. आणि वर अर्थसंकल्प तुटीचा! तरतुदी फुगवायच्या, तूट दाखवायची, तुटीच्या नावाने शुल्क वाढवायचं आणि वर्षअखेर तो पैसा अखर्चित ठेवायचा. माझ्या मते हा लबाडीचाच प्रकार आहे, कुणी त्याला आर्थिक शिस्त म्हणो.

मी कपात सूचना दिली, म्हणजे तरतूद कमी करा असा प्रस्ताव. ती पुकारली गेली तेव्हा दुपार टळून गेली होती, निम्मं सभागृह परतीच्या गाड्यांकडे डोळे लावून बसलेलं. उत्तर लेखी मिळेल, असं सांगण्यात आलं. कुणीतरी "मंजूर, मंजूर" केलं आणि बाकं वाजली. पुढच्या बैठकीआधी इतिवृत्त आलं, त्यात "सविस्तर चर्चेअंती एकमताने मंजूर". इतिवृत्त कायम करण्याच्या विषयालाच मी उभा राहिलो आणि माझा विरोध नोंदवल्याशिवाय बसणार नाही म्हटलं. बराच गोंधळ झाला. शेवटी नोंद झाली. लेखी उत्तर आलं ते "माहिती संकलित करण्यात येत आहे" एवढंच.

विरोध नोंदवला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका ज्येष्ठ प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, वित्त व लेखा समितीत हे सगळं झालंय. तुम्ही विद्यापीठाची बदनामी करताय." मी म्हटलं, समितीत झालं तर मग अधिसभेला बोलावता कशाला? त्यांनी ताट घेतलं आणि दुसऱ्या टेबलावर गेले. पण असा विचार करणारे ते एकटे नव्हते, म्हणून तर पुस्तिका उशिरा येते.

तुम्ही काय करावं? पदवीधर असाल तर अधिसभेच्या निवडणुकीसाठी मतदार म्हणून नाव नोंदवा. पदवीधर गटाच्या 10 जागा असतात, त्यांतल्या 5 राखीव. त्या जागांना काहीच किंमत नसती तर मुंबई विद्यापीठाची निवडणूक 2023 मध्ये ऐनवेळी स्थगित झाली नसती आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन 2024 च्या सप्टेंबरात मतदान घ्यावं लागलं नसतं. मत मागायला येणाऱ्याला एकच विचारा, मागच्या वर्षी कोणत्या शीर्षातला पैसा अखर्चित राहिला? सांगता आलं नाही तर चहा पाजून परत पाठवा. अर्थसंकल्पाची प्रत संकेतस्थळावर नसेल तर माहिती अधिकारात मागा.

हे सगळं प्रत्येक विद्यापीठाला सरसकट लागू नाही. काही वित्त व लेखा अधिकारी फार चोख असतात. आमच्याकडचे एक तर मला कोणतं पान बघायचं ते स्वतःहून सुचवायचे. आणि पदं भरण्याची परवानगी शासनाच्या हातात असते, तिथे अधिसभेने कितीही ठराव केले तरी कुलगुरूंचाही इलाज चालत नाही, हेही मान्य.

ते प्राचार्य निवृत्तीनंतर एका स्वायत्त महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर गेले. तिथे अधिसभा नाही, त्यामुळे बदनामीही नाही. परीक्षा शुल्क मात्र तिथेही वाढलंच.