अनॉय, अनॉइड की अनॉइंग? मुलाखतीतल्या त्या वाक्याबद्दल

सोलापूरहून पुण्याला मुलाखतीला जाताना गाडी लेट झाली, तिथं तुम्ही 'आय वॉज अनॉइंग बिकॉज द ट्रेन वॉज लेट' म्हणालात आणि पॅनेल का हसलं, हा तुमचा प्रश्न. हसले, कारण अर्थ झाला : 'गाडी उशिरा आली म्हणून मी लोकांना वैताग देत होतो.'

घोळ आपल्या मराठीतूनच येतो. आपण म्हणतो 'मी वैतागलो', इकडच्या भाषेत 'लई कावलो'. वैतागणाराच कर्ता. दुसऱ्याला वैताग द्यायचा तर क्रियापदाला 'व' जोडून 'वैतागवणे' करावं लागतं. इंग्रजीत बरोबर उलटं. 'अनॉय' मुळातच 'वैतागवणे' आहे, त्यामुळे 'कुणाला?' याचं उत्तर सोबत लागतं : 'द हॉर्न अनॉइज मी.' आपण वैतागलो हे सांगायला 'आय अ‍ॅम अनॉइड'. नुसतं 'आय अनॉइड' म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो.

नवी पेठेत मागचा दुचाकीवाला उगाच हॉर्न वाजवतोय असं धरा. हॉर्न अनॉइंग, तुम्ही अनॉइड. 'ही इज अनॉइंग मी' म्हणजे आत्ता, या क्षणी तो मला छळतोय. त्यातला 'मी' काढा, 'ही इज अनॉइंग', की तो माणूसच कटकट्या ठरतो. एका शब्दानं प्रसंगाचा स्वभाव होतो, म्हणून साहेबांबद्दल बोलताना जपून.

स्पेलिंगचं सोपं आहे. 'क्राय'चं 'क्राइड' करताना वायचा आय होतो, इथं वायच्या आधी ओ हा स्वर असल्यानं वाय तसाच राहतो आणि पुढं ईडी लागतं, 'एन्जॉय'सारखंच. नाम 'अनॉयन्स', क्रियाविशेषण 'अनॉइंगली'.

माणसावर वैतागलात तर बहुधा 'विथ', गोष्टीवर असेल तर 'अ‍ॅट' किंवा 'अबाउट'. हा राग किरकोळ बरं का. भांड्याला भांडं लागतं तेवढा. खरोखर संतापलात तर 'अँग्री' म्हणा.

तुमचं वाक्य दुरुस्त करून : 'आय वॉज अनॉइड बिकॉज द ट्रेन वॉज लेट.' व्याकरण चोख, पण मुलाखतीत तेही नको. 'माय ट्रेन वॉज लेट, सॉरी' एवढं पुरे.