२० हजारांत आउटडोअर पोर्ट्रेटसाठी लाइट घ्यायचा आहे. एलईडी पॅनल घेऊ की फ्लॅश?

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा कॅनन १५००डी आहे, लेन्स ५० एमएमची आहे आणि सगळं सामान बाइकवर मावलं पाहिजे. शूट नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला, गोदाघाटावर आणि द्राक्षबागांत. माझं मत सरळ आहे: फ्लॅश घ्या, तोही साधा मॅन्युअल (ताकद हाताने ठरवायचा), आणि तो कॅमेऱ्यावर न लावता स्टँडवर लावा.

एलईडीत जे डोळ्यांना दिसतं तेच फोटोत येतं, त्यामुळे नवख्याला तो सोपा वाटतो. व्हिडिओ करणार असाल तर तो लागेलच. पण तुमच्या बजेटमधला पॅनल दुपारच्या उन्हात लावलाय की नाही हे फोटोत कळतसुद्धा नाही. संध्याकाळी घाटावर दिवे लागल्यावर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/२ वर, तो कामाचा आहे. दिवसा नाही.

आता फ्लॅशचं गणित, कारण खरेदीचा निर्णय इथेच होतो. कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवलं तर अॅपर्चर साधारण एफ/११ लागतं. तुमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश सिंक स्पीडही (साधा फ्लॅश ज्यापर्यंत चालतो तो सर्वांत वेगवान शटर) १/२०० च आहे. गोडॉक्स टीटी६०० सारखा फ्लॅश पांढऱ्या छत्रीतून मारला आणि छत्री चेहऱ्यापासून मीटरभर असली, तर पूर्ण ताकदीवर मला एफ/८ च्या आसपास पुरेल इतका प्रकाश मिळतो. म्हणजे भर उन्हात एक स्टॉप कमी पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), आणि छत्री दोन मीटरवर नेलीत तर आणखी दोन स्टॉप जातात. आता तीच व्यक्ती झाडाच्या किंवा वाड्याच्या सावलीत आणा. तिथला प्रकाश दोन-तीन स्टॉपने खाली असतो, आणि तोच फ्लॅश पाव ताकदीवर पुरतो. पाव ताकदीवर सेल टिकतात, फ्लॅश पटकन चार्ज होतो, तापत नाही. म्हणून उन्हाशी झुंजणाऱ्या महागड्या लाइटवर पैसे घालण्यापेक्षा सकाळी नऊच्या आधीची किंवा पाचनंतरची वेळ ठरवा.

टीटी६०० मध्ये टीटीएल (कॅमेऱ्याने फ्लॅशची ताकद आपोआप ठरवणं) नाही, पण त्याचं फारसं अडत नाही. फ्लॅश आणि माणूस यांच्यातलं अंतर तेच राहिलं की एक्स्पोजरही तेच राहतं, तुम्ही कॅमेरा घेऊन पुढे-मागे कितीही फिरा. दोन टेस्ट शॉट घेतले की जमतं.

ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवून दूरचा फ्लॅश उडवणारं यंत्र, मात्र नीट बघून घ्या. १५००डीच्या हॉटशूला (कॅमेऱ्यावरची फ्लॅश अडकवायची खाच) मधली पिनच नाही. त्यामुळे त्या एका पिनवर चालणारे स्वस्त ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्यावर चालणार नाहीत. गोडॉक्सच्या एक्स२टी ट्रिगरचं कॅननसाठीचं मॉडेल मागा, त्यात फर्मवेअर अपडेट आहे का विचारा, आणि स्वतःचा कॅमेरा दुकानात नेऊन लावून बघा. फ्लॅश उडाल्याशिवाय पैसे देऊ नका. रिसीव्हर टीटी६०० मध्येच असतो, वेगळा लागत नाही.

फ्लॅश आणि ट्रिगरमध्ये निम्म्याहून जास्त पैसे जातील. उरलेल्यात पांढरी छत्री, ती धरणारा ब्रॅकेट, स्टँड, पाच-इन-वन रिफ्लेक्टर आणि रिचार्जेबल सेलचे दोन संच. फ्लॅशला चार पेन्सिल सेल लागतात. साधे अल्कलाइन घालू नका, थोड्याच फोटोंनंतर फ्लॅश चार्ज व्हायला वेळ घेऊ लागतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचं हसू थिजून जातं.

स्टँडच्या बाबतीत कंजुषी नको. धरणाच्या काठावर वारा सुटला की उघडी छत्री शिडासारखी ओढते आणि फ्लॅश तोंडावर आपटतो. वाळूच्या पिशव्या बाइकवर कोण नेणार? पाच लिटरचा रिकामा कॅन न्या, तिथेच पाणी भरा आणि स्टँडला अगदी खाली अडकवा. त्याहून उत्तम म्हणजे सोबत आलेला मित्र किंवा नवरीचा भाऊ. नाहीतरी तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो, स्टँड त्याच्या हातात द्या.

रिफ्लेक्टरची चंदेरी बाजू उन्हात वापरली की लोक डोळे बारीक करतात, म्हणून पांढरी वापरा. आतला अर्धपारदर्शक पडदा तर मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो. दुपारीच शूट करायची वेळ आली तर तो डोक्यावर धरला की चेहऱ्यावरच्या काळ्या सावल्या जातात. मागचं मात्र झगझगीत राहतं, तेवढं फ्रेम करताना सांभाळा.

बागेत एक वेगळीच भानगड असते. वेलींखाली पानांतून झिरपलेला उजेड चेहऱ्यावर हिरवट झाक आणतो. थोडासा फ्लॅश मारला की कातडीचा रंग जागेवर येतो. आणि एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर बागेत नुसते खुंट आणि तारा उरतात, तेव्हा क्लायंटला त्या तारखा देऊ नका. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय ओळीत शिरू नका हे वेगळं सांगायला नको.

पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर उन्हात एफ/२.८ ला जाण्यासाठी हाय-स्पीड सिंक (सिंक स्पीडपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश चालवणं) वापरतात, पण त्यात फ्लॅशची दोनेक स्टॉप ताकद जाते आणि या छोट्या फ्लॅशकडे तेवढी शिल्लक नसते. मी लेन्सवर एनडी८ (प्रकाश कमी करणारा काळसर फिल्टर) लावतो: तीन स्टॉप कमी, म्हणजे एफ/११ च्या जागी एफ/४. फ्लॅशही तितकाच कमी होतो, म्हणून ताकदीचं गणित तेच राहतं.

गोडॉक्सचा एडी२०० प्रो चांगलाच आहे, २०० वॅट-सेकंद ताकद आणि स्वतःची लिथियम बॅटरी. पण तो एकटाच तुमच्या बजेटच्या पुढे जातो. एखाद्या मोठ्या कामाला लागलाच तर ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून दिवसभरासाठी भाड्याने घ्या. तुमचा एक्स२टी त्यालाही चालतो. स्वतःचं सामान वाढवायचं झालं तर आधी दुसरा टीटी६०० घ्या. दोन्ही एकाच छत्रीत लावले की तो कमी पडणारा एक स्टॉप भरून निघतो.

आणि पांडवलेणीचा विचार करत असाल तर ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे, स्टँड लावायला आधी परवानगी काढावी लागते. परवानगी नसेल तर तिथे नुसता कॅमेरा घेऊन जा.