कांगारू आयलंडला एकच दिवस आहे, गाइडेड टूर घ्यावी की स्वतः गाडी चालवावी?

तुम्ही म्हणताय की दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडहून एक दिवस काढून जायचंय, सोबत आईबाबा आणि लहान मुलगी आहे, आणि प्राणी बघणं हाच मेन उद्देश. मग सरळ सांगते, टूर घ्या. दोन दिवस असते तर मीच म्हटलं असतं गाडी घ्या आणि मनासारखं फिरा, पण एका दिवसात नाही जमत हो.

आयलंड म्हटल्यावर लोकांना वाटतं तासाभरात चक्कर मारून होईल. ४,४०० चौरस किमी आहे ते, गोव्याहून मोठं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १५० किमी. अ‍ॅडलेडहून केप जर्व्हिसला पोचायलाच दोनेक तास धरा, मग ४५ मिनिटांची फेरीबोट, ती उतरवते पेनेशॉला म्हणजे पूर्वेला, आणि फ्लिंडर्स चेस नॅशनल पार्क आहे पार पश्चिम टोकाला. म्हणजे पहाटे निघून रात्री उशिरा परत, आणि या सगळ्यात ड्रायव्हिंग तुमच्याकडे असेल तर तुम्ही रस्ताच बघणार, प्राणी बाकीचे बघणार. त्यात कांगारू आणि वॉलबी (कांगारूचा छोटा भाऊबंद) बाहेर पडतात ते संध्याकाळी, नेमके तुम्ही फेरी पकडायला पळत असताना, आणि अंधारात ते गाडीसमोर कधी उडी मारतील नेम नाही. रेंटल घेणारच असाल तर अंधार पडल्यावर इन्शुरन्स चालतो का ते आधी वाचा.

आता सील बे, म्हणजे सी लायनचा किनारा, ज्यासाठी खरं तर जायचं. तिथे वाळूवर गाइडशिवाय उतरूच देत नाहीत, नाहीतर लाकडी बोर्डवॉकवरूनच बघायचं. म्हणून बुकिंगच्या आधी एकच प्रश्न स्पष्ट विचारा, तुमच्या टूरमध्ये बीचवर नेतात की फक्त बोर्डवॉक? फरक खूप आहे. ऑस्ट्रेलियन सी लायन जगात दुसऱ्या कुठल्याच देशात नाहीत आणि तिथेही धोक्यात आहेत, आणि इथे ते तुमच्यापासून थोड्याच अंतरावर वाळूत लोळत असतात. माद्या साधारण तीन दिवस समुद्रात खाणं शोधतात आणि मग आल्या की दोनतीन दिवस नुसत्या पडून, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं आजारी आहेत की काय. रेंजर सगळ्यांना एका घोळक्यात ठेवतात, माणसं पांगली की प्राण्यांना घेरल्यासारखं होतं म्हणून, तेव्हा मुलीचा हात धरून ठेवा. पिल्लं दिसतील का विचाराल तर त्यांचा ठरलेला सीझन नाही, प्रजननाचं चक्रच १७-१८ महिन्यांचं असल्यामुळे दर वेळी महिना बदलतो.

कांगारू दुपारी सावलीत आडवे पडलेले असतात, आणि इथले मेनलँडच्या भाऊबंदांपेक्षा बुटके, गडद आणि केसाळ, त्यामुळे झाडोऱ्यात आपल्याला पटकन दिसत नाहीत, गाइडला चालत्या गाडीतून दिसतात. मुंग्या खाणाऱ्या एकिडनाचंही तेच, काटेरी गोळा रस्त्याकडेला माती उकरत असतो आणि आपण सरळ पुढे. हिवाळ्यात तो दिवसाही बऱ्यापैकी फिरतो, उन्हाळ्याच्या दुपारी आशा ठेवू नका.

कोआलाबद्दल मात्र गाइडला नक्की छेडा. तो इथला मूळचा नाहीच, १९२० च्या दशकात व्हिक्टोरियातून आणून सोडला, आणि मग इतका वाढला की झाडं ओरबाडून खायला लागला, १९९७ पासून नसबंदीचा कार्यक्रम सुरू करावा लागला. पुढे २०१९-२० च्या वणव्यात जवळपास अर्धं बेट जळलं आणि असंख्य कोआला गेले. पश्चिमेकडे जाताना जळालेले बुंधे आणि त्यांच्यातून फुटलेली हिरवळ दोन्ही दिसेल. चांगला गाइड असेल तर तिथे गाडी थांबवतो, नाहीतर फ्लिंडर्स चेसमधल्या रिमार्केबल रॉक्सवर फोटो काढा आणि चला, असा कारभार असतो. (रॉक्स सुंदर आहेत, पण प्राण्यांसाठी त्याच पार्कातली अ‍ॅडमिरल्स आर्च ही खडकाची कमान बघा, खाली खडकांवर फर सील असतात. पायऱ्या बऱ्याच आहेत, आईबाबांचे गुडघे बघून ठरवा.)

टूर निवडताना मोठी बस टाळा, छोटा ग्रुप महाग पडतो पण मध्येच थांबायची मुभा तिथेच मिळते. आणि ब्रोशरमध्ये दहा ठिकाणं छापली असतील तर प्रत्येकी किती वेळ ते विचारा, सील बेला निवांत तास-सव्वातास नसेल तर ती टूर सोडा.

फेरीत समुद्र चांगलाच हलतो, उलटीची गोळी निघायच्या आधी घ्या. विंडचीटर उन्हाळ्यातही लागतो. आणि मुलीच्या खाऊत मधाची बाटली असेल तर हॉटेलवरच ठेवा, बाहेरचा मध बेटावर न्यायला बंदी आहे, १८८० च्या दशकात आणलेल्या लिगुरियन (इटालियन जातीच्या) मधमाश्यांना रोग लागू नये म्हणून.