ऑनलाइन विक्रीतील व्यवस्थापन : आधी अनुभव, मग एमबीए

प्रश्न : बेळगावातील शहापूरमध्ये आमचे साड्यांचे छोटे दुकान आहे. मुलगी राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या कंपनीत व्यवस्थापक व्हायचे असून त्यासाठी पुण्यात ‘ई-कॉमर्स’मधील एमबीए करायचे आहे. फीसाठी कर्ज काढावे लागेल. तिला कन्नड जेमतेम येते. शिवाय ज्या कंपन्यांनी आमचे गिऱ्हाईक नेले, तिथेच तिने नोकरी करावी हे मनाला पटत नाही. काय करावे? — एक पालक

उत्तर :

स.न.वि.वि.

आपल्या मुलीने निवडलेले क्षेत्र मला योग्य वाटते. मात्र पदवी हाती पडताच कर्ज काढून एमबीएला प्रवेश घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. या क्षेत्रातील व्यवस्थापक दिवसभर नेमके काय करतो, हे ठाऊक नसतानाच दोन वर्षांची फी भरणारे विद्यार्थी पुष्कळ असतात.

ते काम आपल्याच दुकानातील साडीवरून समजून घेता येईल. समजा, शहापूर-वडगावच्या मागावर विणलेली साडी हजार रुपयांना ऑनलाइन विकली. त्यातून कंपनीचे कमिशन, पाठवणीचा खर्च आणि पॅकिंग वजा होते. गिऱ्हाइकाने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ निवडून पार्सल दारातूनच परत केले, तर विक्री होत नाहीच, शिवाय वाहतुकीचा भुर्दंड अनेकदा विक्रेत्यावर पडतो आणि घडी विस्कटलेली साडी पुन्हा नवी म्हणून विकली जाईल याची खात्री उरत नाही. पार्सले का परत येतात, म्हणजे फोटोतला रंग प्रत्यक्षाहून वेगळा होता का, ब्लाउजपीस सोबत आहे की नाही हे लिहायचे राहिले का, की लग्नाची तारीख उलटून गेल्यावर माल पोहोचला, हे आकड्यांवरून शोधून काढणे आणि त्यानुसार वर्णन, किंमत, साठा व वाहतूक यांत बदल घडवून आणणे, हे कॅटेगरी मॅनेजरचे, म्हणजे एका प्रकारच्या मालाची विक्री सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाचे, रोजचे काम आहे. गोदाम, मागणीचा अंदाज, जाहिरात, विक्रेत्यांशी संपर्क असे अन्य विभागही आहेत. पण एका ऑर्डरमागे किती उरते, हा प्रश्न कोणत्याही विभागात चुकत नाही. दसरा-दिवाळीच्या सेलच्या काळात रजा मिळणे कठीण असते, याचीही तिला आताच कल्पना द्यावी.

म्हणून परीक्षा संपताच तिला दुकानातील निवडक साड्या ऑनलाइन विकायला लावाव्यात आणि प्रत्येक ऑर्डरचा हिशेब तिनेच ठेवावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कमी उलाढालीच्या विक्रेत्यांना राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीसाठी जीएसटी नोंदणीतून सवलत आहे. परंतु कोल्हापूर आपल्याला कितीही जवळचे असले, तरी तिथे साडी पाठवणे ही आंतरराज्य विक्री ठरते आणि तिच्यासाठी नोंदणी लागते. बी.कॉम.च्या विद्यार्थिनीने हे सोपस्कार स्वतः पार पाडावेत. त्यासोबत एक्सेल पक्के करावे, नंतर एसक्यूएल (साठवलेल्या माहितीतून हवे ते आकडे काढण्याची संगणकीय भाषा) शिकावे आणि मग कॅटलॉग, विक्रेता-साहाय्य किंवा गोदाम-व्यवस्थापनातील कनिष्ठ पदांसाठी अर्ज करावेत.

गिऱ्हाईक गेल्याचे आपले दुःख मी समजू शकतो. तरीही एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी : परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठांना सर्वसाधारणपणे स्वतःच्या मालकीचा माल ग्राहकाला विकता येत नाही, त्यांना आपल्यासारख्या विक्रेत्यांची गरज असते. दुकानदाराच्या घरात वाढलेली मुलगी तिथे बसली, तर विक्रेत्याची अडचण तिला इतरांहून लवकर कळेल, आणि हीच मुलाखतीत सांगण्याजोगी तिची खरी जमेची बाजू आहे.

या क्षेत्रात कंपन्या विकल्या जातात, बंदही पडतात. कपड्यांची ऑनलाइन विक्री करणारी जबाँग ही कंपनी २०१६ मध्ये त्याच व्यवसायातील मिंत्राने घेतली आणि २०२० मध्ये ती बंद झाली. त्यामुळे एका कंपनीच्या नावापेक्षा कोठेही उपयोगी पडेल अशा कामावर तिने भर द्यावा.

कन्नडविषयी स्पष्टच लिहितो. फ्लिपकार्ट, मिंत्रा आणि मीशो या ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांची मुख्यालये बंगळुरूमध्ये आहेत. मराठीचे प्रेम तसूभरही कमी न करता तिने या वर्षी कन्नड बोलायला आणि वाचायला शिकावे; हुबळी-धारवाडचा विक्रेता आणि कोल्हापूर-सांगलीचा विक्रेता या दोघांशीही त्यांच्या भाषेत बोलू शकणारी व्यक्ती कंपनीला सहज मिळत नाही. सीमाभागातील मुलांना हे घरबसल्या साधण्यासारखे आहे आणि ते साधले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या अनुभवानंतरही एमबीए करावेसे वाटले, तर केवळ ‘ई-कॉमर्स’ हे नाव पाहून अभ्यासक्रम निवडू नये. मार्केटिंग किंवा ऑपरेशन्स हा विषय चांगला शिकवणारा सर्वसाधारण एमबीए अधिक दारे उघडतो. कर्नाटकातील प्रवेशासाठी पीजीसीईटी, महाराष्ट्रासाठी तेथील सीईटी आणि आयआयएमसाठी कॅट या परीक्षा आहेत. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘टाइप-ई’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी रहिवासाचे आणि मातृभाषेचे दाखले लागत असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून ते अर्जाच्या मुदतीच्या बरेच आधी तयार ठेवावेत.