दोष उन्हाचा की बांधावरच्या गवताचा?

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे ५८ वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गेली तीन-चार वर्षं पाऊस सुरू झाला की मामांच्या तोंडाला, मानेला, हातांना खाज सुटते. दिवाळीपर्यंत नुसता वैताग, थंडीत जरा कमी. आता कातडी काळी आणि जाड झालीय. ‘उन्हाची ॲलर्जी’ असं सांगितल्यामुळे यंदा ते पावसाळाभर सोप्यातच बसून होते, तरी फरक नाही. भावकीतले म्हणतात, बागेच्या फवारणीनं झालंय. मेडिकलमधली एक ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं. त्यांना बीपीची गोळीही चालू आहे. काय करावं?
– एक वाचक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : ताई, मामा सोप्यात बसले तरी खाज थांबली नाही, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. नुसत्या उन्हाचा आजार असता तर सावलीत थोडा तरी उतार पडला असता. म्हणून आधी घराभोवती एक चक्कर मारा. गोठ्यामागं, बांधावर, ओढ्याच्या काठाला पांढऱ्या बारीक फुलांचं गाजरगवत आहे का बघा. (विचारतेय खरी, पण तुमच्या पट्ट्यातून ‘नाही’ असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.)

काँग्रेस गवत म्हणा, पांढरफुली म्हणा, झाड तेच. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात ते नजरेत आलं आणि पुढं देशभर पसरलं. त्याच्या पानाखोडावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. झाड वाळलं की त्या लवेचा, पानांचा भुगा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. वर्षानुवर्षं असा संपर्क आल्यावर एखाद्याच्या शरीराला ते खपेनासं होतं. म्हणूनच ‘जन्म गेला या रानात, आताच कसं झालं?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. चाळिशी-पन्नाशीतले शेतकरी पुरुष यात जास्त दिसतात. आणि उन्हाचा दोष अगदीच नाही असंही नाही. आजार जुना झाला की काहींची कातडी खुद्द उन्हालाच चिडू लागते. मग गवत आणि ऊन दोन्ही मिळून छळतात.

आता मामांना उजेडात बसवा आणि नीट बघा. पापण्या, कानाची मागची बाजू, हनुवटीखालची जागा, कोपराची आतली घडी. या जागी ऊन फारसं पोचत नाही, उडता भुगा मात्र बरोबर जाऊन बसतो. तिथली कातडी जाड, खरखरीत असेल तर माझा संशय गवतावर. या जागा स्वच्छ आणि कपाळ, नाक, गालाचा उंचवटा तेवढा बिघडलेला असेल तर उन्हावर.

फवारणीचं म्हणाल, तर औषधांनी कातडी बिघडू शकते, नाही असं नाही. पण तुमच्याकडे फवारणीचा खरा धडाका ऑक्टोबर छाटणीनंतर, थंडीत. मामांना नेमकं तेव्हाच बरं वाटतं. त्यामुळे फवारणीवर माझा भर नाही.

खात्रीसाठी पॅच टेस्ट करून घ्या. ज्यांचा संशय आहे ते पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात, पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. खाज ऐन भरात असताना ही टेस्ट करत नाहीत, त्यामुळे मामांना बरं वाटत असतं त्या थंडीतच वेळ घ्या. सोबत बीपीच्या गोळीचं पाकीट आणा. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर त्यानंही कातडी उन्हाला हळवी होते. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका, बदल करायचा तर ती देणारे डॉक्टर करतील.

त्या ट्यूबबद्दल मात्र मला राग आहे. चार दिवस आराम देणाऱ्या अशा बहुतेक ट्यूबांत जोरदार स्टेरॉइड असतं. तोंडाला महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसू लागतात, आणि बंद केली की दुप्पट उफाळतं. स्टेरॉइड आम्हीही देतो, पण किती ताकदीचं, कुठं आणि किती दिवस हे ठरवून. आजार हट्टी असेल तर ॲझाथायोप्रिनसारख्या गोळ्या लागतात, त्या रक्त तपासत तपासतच घ्यायच्या.

गवत उपटायचं काम मामांनी करायचं नाही, उभं राहून देखरेखही नको. दुसऱ्या कुणी तरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला मास्क लावून, जमीन ओली असताना आणि फुलं यायच्या आत मुळासकट काढावं. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. उपटलेलं घरामागं वाळत टाकलंत तर केलेलं सगळं पाण्यात. पावसाळ्यात त्या पानांवर फिकट रंगाचे, काळसर रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. हे मेक्सिकन भुंगेरे गवत खाण्यासाठीच १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडले होते, ते आपल्याकडेही पोचलेत. मामांचे कपडे बांधाकडच्या दोरीवर वाळत घालू नका, भुगा त्यांनाही चिकटतो. आणि दसऱ्याला झेंडूची तोरणं त्यांना ओवायला लावू नका. झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही त्याच कुळातली, काहींना त्यांचाही त्रास होतो.

प्रश्न : मी कुपवाडला फाउंड्रीत कामाला आहे. गालावर आणि कानावर चट्टे आले, तपासणीत डिस्कॉइड ल्युपस निघाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. उन्हापासून जपतो, पण दिवसाला पाकीटभर सिगारेट होते. तिचा काही संबंध?
– एक वाचक, सांगली

उत्तर : संबंध आहे. डिस्कॉइड ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते. हा आजार सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त दिसतो, आणि ओढणाऱ्यांना औषधाचा गुणही कमी येताना आढळतो. डोस वाढवून मागण्याआधी पाकीट बंद करा. दुसरं, फाउंड्रीतली वाळू. सिलिकाची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं बिघडतातच, शिवाय अंगभर पसरणाऱ्या ल्युपसचा धोकाही वाढतो. नाकाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. धुळीसाठीचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क सुपरवायझरकडे मागा, आणि जमलं तर साचे फोडायच्या कामावरून बदलून घ्या. सांधे दुखणं, तोंडात फोड, बारीक ताप, पायावर सूज यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लघवीची आणि रक्ताची तपासणी करून घ्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांसाठी डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा तपासून ठेवायचा असतो. झाला नसेल तर याच महिन्यात करून घ्या.