आधी खिडक्या, मग सॅनिटायझर: शाळा उघडतानाची प्रश्नोत्तरे

कोरोनामुळे बंद असलेल्या शाळांपैकी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे आणि शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून भरणार होते. ही प्रश्नोत्तरे त्याआधीच्या सप्टेंबरातली. घोषणा झाल्यापासून आमच्याकडे आलेले बहुतेक प्रश्न फवारणी, सॅनिटायझर आणि टेम्परेचर गनबद्दलचे होते. हवेबद्दल मात्र एकीनेच विचारले. तिच्यापासूनच सुरुवात करू.

आमच्या शाळेचे वर्ग रस्त्याच्या बाजूला आहेत. हॉर्नच्या आवाजामुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. प्रत्येक वर्गात चार पंखे आहेत, दोन वर्गांत एसी आहे. एवढे पुरे आहे का? (शिक्षिका, पुणे)

नाही. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो, बाहेरची एक फुंकरही आत आणत नाही. स्प्लिट एसीही आतलीच हवा ओढून, गार करून परत सोडतो. कोरोनाचा विषाणू श्वासातून, बोलण्यातून निघणाऱ्या सूक्ष्म तुषारांवर बसून हवेत तरंगत राहतो. बंद वर्गात तो तास संपेपर्यंत साचत जातो. त्यामुळे वर्गातली हवा तासाला निदान पाच-सहा वेळा पूर्ण बदलली पाहिजे, हे पहिले काम.

हिशेब सोपा आहे. २० फूट बाय २५ फूट, उंची १० फूट, म्हणजे ५,००० घनफुटांची खोली. सहा वेळा बदल म्हणजे तासाला ३०,००० घनफूट, साधारण ८५० घनमीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींना खिडक्या असतील आणि त्या खरोखर उघड्या असतील, तर एवढे सहज होते. एकाच बाजूला खिडक्या असतील तर दार उघडे ठेवा आणि खिडकीच्या वरच्या झडपाही उघडा, कारण तापलेली हवा वर जाते आणि तिथूनच बाहेर पडते. बऱ्याच शाळांत या वरच्या झडपा रंगाने चिकटलेल्या असतात किंवा कबुतरांसाठी प्लायवूड ठोकून बंद केलेल्या असतात. प्लायवूड काढा, जाळी लावा.

तरीही हवा कोंदट वाटली तर १२ इंची एक्झॉस्ट फॅन बसवा. डब्यावर हवेचा आकडा घनमीटर प्रति तास असा छापलेला असतो. तो १,२०० च्या खाली नको, कारण जाळी, धूळ आणि वाऱ्याचा उलटा दाब यांत छापील आकड्यातला बराच भाग जातो. फॅन दाराच्या समोरच्या भिंतीत, उंचावर बसवा. इथेच हमखास चूक होते. फॅन एका खिडकीत आणि शेजारची खिडकी उघडी, असे झाले की फॅन त्या खिडकीतली हवा ओढून लगेच बाहेर टाकतो आणि मागच्या बाकांवरची हवा जागची हलत नाही. फॅनच्या लगतची खिडकी बंद, लांबची उघडी, असे ठेवा.

तपासायला एक उदबत्ती पुरते. छताचे पंखे बंद करून ती दारात धरा, मग खिडकीत, मग मागच्या कोपऱ्यात. धूर एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर जाताना दिसला पाहिजे. कोपऱ्यात तो सरळ वर जाऊन तिथेच रेंगाळला, तर त्या बाकावर मूल बसवू नका.

शक्य असेल तर शाळेत एक कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या आणि तो वर्गावर्गांतून फिरवा. आपण सोडलेल्या श्वासात हा वायू साधारण ४०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो, बाहेरच्या हवेत ४२० च्या आसपास. वर्गात ८०० दिसले तर तिथला दर शंभरावा श्वास कुणीतरी आधी घेऊन सोडलेला आहे, असे समजा. ८०० च्या आत ठीक. १,००० ओलांडले की खिडक्या उघडा किंवा मुले कमी करा. मीटर एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट हाच वायू मोजणारा, आहे ना, हे विचारून घ्या. स्वस्तातले बरेच मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाजे आकडा दाखवतात आणि सॅनिटायझरच्या वासानेही उसळतात.

एसीचे दोन वर्ग तूर्त एसीशिवाय वापरा. राहिला प्रश्न हॉर्नचा. शिक्षकांसाठी कमरेला अडकवायचा छोटा माइक-स्पीकर घ्या. मास्कमधून ओरडून शिकवले तर घसा बसतो आणि तुषारही जास्त उडतात, तेही टळेल. परीक्षेच्या तासाला अगदीच अशक्य झाले तर रस्त्याकडची झडप थोडी लोटा, पण व्हरांड्याकडची बाजू सताड उघडी हवी.

एका बाकावर एक विद्यार्थी, दोघांत सहा फूट अंतर, हे मान्य. पण आमचा आठवीचा वर्ग ४८ जणांचा आहे. तुकड्या कशा पाडायच्या? (मुख्याध्यापक, जुन्नर तालुका)

वर सांगितलेल्याच मापाची खोली धरू. २० फुटांच्या रुंदीत भिंतीपासून एक फूट सोडून १, ७, १३ आणि १९ फुटांवर चार मुले बसतात. लांबीत पहिली रांग फळ्यापासून सहा फुटांवर, पुढच्या १२, १८ आणि २४ वर. चार चोक सोळा. म्हणजे तीन तुकड्या. खडूने जमिनीवर फुल्या मारा आणि बाक फुलीला लावा. नुसते ‘अंतर ठेवा’ सांगितले तर दुसऱ्या तासाला बाक एकमेकांना चिकटलेले असतात.

तुकड्या हजेरीपटाच्या क्रमाने पाडू नका, हा आमचा आग्रह. १ ते १६ ही पहिली तुकडी केली, तर एकाच रिक्षातली, एकाच वाडीवरची मुले तिन्ही तुकड्यांत वाटली जातात. एक मूल आजारी पडले की तिन्ही तुकड्या संशयात. वाडी आणि वाहन बघून तुकड्या करा. रिक्षातली सगळी मुले एका तुकडीत, बहीण-भाऊ वेगळ्या इयत्तांत असले तरी एकाच दिवशी शाळेत. पालकांचेही हेलपाटे वाचतात.

हात धुण्याचाही असाच हिशेब करा. एकेकाला ४० सेकंद धरली तर ६० मुलांना चार नळांवर दहा मिनिटे लागतात. नळ दोनच असतील तर वीस. मधली सुट्टी तेवढ्यातच संपते, म्हणून वर्गांच्या पाळ्या लावा. डबा शक्यतो मैदानात किंवा झाडाखाली, एकमेकांकडे पाठ करून खाऊ द्या. मास्क उतरतो तो तेव्हाच.

आमची शाळा जूनपर्यंत विलगीकरण केंद्र होती. ग्रामपंचायत म्हणते, आधी सगळ्या इमारतीत हायपोक्लोराइट फवारू आणि दारात सॅनिटायझर बोगदा बसवू. (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, सातारा जिल्हा)

बोगदा नको. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितले आहे. डोळे चुरचुरतात, दम्याच्या मुलाला त्रास होतो आणि फुफ्फुसात गेलेला विषाणू कपड्यांवरच्या फवाऱ्याने जात नाही.

इमारतीचे म्हणाल तर जूनमधला विषाणू सप्टेंबरात भिंतीवर जिवंत नसतो. विषाणूपेक्षा मागे राहिलेल्या वस्तूंची काळजी करा. गाद्या, वापरलेली मास्क-हातमोज्यांची पाकिटे, अर्धवट औषधे आरोग्य केंद्रामार्फत उचलायला लावा, शाळेच्या आवारात जाळू नका. शौचालयाची टाकी भरली आहे का पाहा. वायरिंग उंदरांनी कुरतडले आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मीटरच्या पेटीत आणि पाइपांत गांधीलमाश्यांची पोळी असतात, तीही बघा.

मग साबणाच्या पाण्याने फरशी आणि बाक धुवा. मळावर टाकलेले क्लोरीन मळातच संपते, म्हणून धुणे आधी. त्यानंतर हात लागणाऱ्या जागा (कड्या, नळ, कठडे, बाकांचे पृष्ठभाग) ०.१ टक्का द्रावणाने पुसा, फवारू नका. बाजारात हायपोक्लोराइट साधारण ५ टक्के मिळते. त्याचे २०० मिलिलिटर घेऊन पाणी घालत एकूण १० लिटर करा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असेल तर १० लिटरला ३० ग्रॅम. गाळ खाली बसू द्या, वरची निवळी वापरा. दहा मिनिटे ओले राहू द्या, मग लोखंडी भाग साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर गंजतात. द्रावण रोज ताजे करा. आणि ते शौचालयाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो माणसाला आडवा करतो.

पाण्याची टाकी दीड वर्ष तशीच आहे. नुसती भरून घेतली तर चालेल? (शिक्षक, नाशिक जिल्हा)

चालणार नाही. साचलेले पाणी सोडून द्या, आतून घासा, धुऊन तेही पाणी काढा. सगळे नळ पाच मिनिटे मोकळे सोडा, कारण पाइपातले पाणीही तेवढेच जुने आहे. मग भरा आणि १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पावडर पेल्यात कालवून, निवळी ओतून तासभर थांबा. गावाच्या जलसुरक्षकाकडे पाण्यातले क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली असते. टाकीजवळच्या नळाचे नाही, सगळ्यात लांबच्या नळाचे पाणी त्यात तपासा. पिवळसर झाले तर क्लोरीन पोचले. पांढरेच राहिले तर पावडर जुनी आहे किंवा मात्रा कमी पडली. उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर कमी होत जातो.

टेम्परेचर गन किती घ्याव्यात?

एक पुरे, तीही मधूनच अंग तापलेल्या मुलासाठी. उन्हातून चालत आलेल्या मुलाचे कपाळ गरमच लागते, पाच मिनिटे सावलीत थांबवून मोजावे लागते. लागण झालेल्या कित्येक मुलांना ताप नसतोच आणि पॅरासिटामॉल देऊन पाठवलेल्या मुलाचा ताप गन पकडत नाही. तपासणी घरी होऊ द्या. ताप, खोकला, घसादुखी, जुलाब, किंवा घरात कुणी आजारी, यांतले काहीही असेल तर मूल घरी. हे पालक खरे सांगतील ते एकाच अटीवर: गैरहजेरीची शिक्षा नको आणि पूर्ण हजेरीचे बक्षीसही यंदा नको.

माझी मुलगी पाचवीत आहे, दहा वर्षांची. सहा तास मास्क झेपेल का? (पालक, सांगली जिल्हा)

झेपेल, पण लक्ष ठेवावे लागेल. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे पाच वर्षांपर्यंत मास्क नको, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा, बारापासून पुढे मोठ्यांसारखाच. तीन पदरी सुती मास्क पुरे. दोन द्या, कारण घामाने ओला झालेला मास्क हवा अडवतो आणि मग तो हनुवटीवर येतो. वापरलेल्यासाठी दप्तरात वेगळी पिशवी. मास्कवर नाव लिहा. मुले मास्कची अदलाबदल करतात, त्यावर चित्र असेल तर हमखास. मैदानात पळताना मास्क काढू द्या.

दोन शिक्षकांनी अजून लस घेतलेली नाही. आता घेतली तर ४ तारखेपर्यंत चालेल ना? (मुख्याध्यापिका, लातूर)

घ्यायलाच हवी, पण ४ तारखेचा हिशेब जमत नाही. कोविशील्डच्या दोन मात्रांत सप्टेंबर २०२१ मध्ये किमान १२ आठवडे अंतर होते. २५ सप्टेंबरला पहिली घेतली तर दुसरी १८ डिसेंबरच्या आधी नाही, आणि पूर्ण संरक्षणाला त्यावर आणखी दोन आठवडे. कोव्हॅक्सिनला चार ते सहा आठवडेच थांबावे लागत होते, केंद्रावर उपलब्ध असेल तर ती बघा. तोवर या दोघांना मैदानावरचे तास, ऑनलाइन तुकडी किंवा घरी असलेल्या मुलांचा स्वाध्याय द्या. शिक्षक खोलीकडेही लक्ष असू द्या. सगळे मास्क काढून चहाला एकत्र बसतात ती जागा तीच, आणि तिला बहुधा एकच खिडकी असते.

एखादे मूल पॉझिटिव्ह निघाले तर पूर्ण शाळा बंद करायची का? (मुख्याध्यापक, अकोला)

तो निर्णय स्थानिक प्रशासनाचा. पण त्यांना तुमच्याकडून कागद लागेल आणि तो आधीच तयार हवा. रोज पहिल्या तासाला बैठक आराखड्याचा मोबाइलवर फोटो काढा, रिक्षा-बसची यादी जोडा. लक्षणे सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून, सहा फुटांच्या आत, दिवसभरात मिळून १५ मिनिटे किंवा जास्त वेळ जवळ असलेले ते निकटचे संपर्क. जागा ठरलेल्या असतील तर ही यादी दहा मिनिटांत होते. रोज बाक बदलत असतील तर अख्खा वर्ग संपर्कात धरावा लागतो. संपर्कातल्या मुलांची चाचणी पाचव्या ते दहाव्या दिवसांत करा. दुसऱ्याच दिवशी केलेली निगेटिव्ह चाचणी खोटा धीर देते. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचे नाव टाकू नका, ‘आठवी, दुसरी तुकडी’ एवढेच पुरे. नाव फुटले की पुढचा पालक आजार लपवतो.

आमच्याकडे शाळा उघडते आणि पंधरवड्यात ऊसतोडीला माणसे निघतात. दीड वर्षांनी आलेली मुले पुन्हा जाणार. काय करावे? (शिक्षक, बीड जिल्हा)

पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक उघडू नका. एकेका मुलाला जवळ बसवून दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या आणि हातच्याची दोन वजाबाकीची गणिते घाला. जुलै-ऑगस्टचा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम मोबाइल नसलेल्या मुलांपर्यंत किती पोचला, हे त्यातच कळेल.

त्याच आठवड्यात घरोघरी जाऊन यादी करा: कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, मागे आजी-आजोबा आहेत का. आजी-आजोबा असतील तिथे हंगामी वसतिगृहाची मागणी आताच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, दिवाळीनंतर दिलेली मागणी हंगाम संपताना मंजूर होते. मात्र एक अडचण सांगून ठेवतो. ज्या आजीकडे मूल ठेवायचे, तिने लस घेतली आहे का, हे यादीत लिहा. नसेल तर आधी तिला केंद्रावर न्या. जी मुले जाणारच आहेत त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड (जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाते ते) द्या, आणि मुकादमाचा फोन नंबर कार्डाच्या मागे नव्हे, तुमच्या वहीत लिहून घ्या. कार्ड कोपीवर (तोडणी मजुरांच्या झोपडीत) पहिल्या पावसातच भिजते.