गाडी पडली, उचलली, आता सारखी बंद पडते

या वेळच्या प्रश्नांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी आली आहे. दुचाकी पडली, उचलली, सुरूही झाली, पण आता मधेच बंद पडते. पावसाळ्याच्या तोंडावर नागपुरात हे व्हायचंच. सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूची माती यांच्यात चांगला वीतभर फरक असतो. चाक खाली उतरलं की परत चढताना गाडी हमखास आडवी होते. मग गॅरेजमध्ये पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूला जातो आणि पाठोपाठ 'इंजिन खोलावं लागेल' हे वाक्य येतं.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. पडण्याआधी ठणठणीत असलेलं इंजिन रस्त्यावर लोळल्याने आतून क्वचितच बिघडतं. बिघडतं ते त्याला चालू ठेवणारं बाहेरचं सामान. म्हणजे स्विच, वायरी, रबरी नळ्या, केबली. म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी तीन गोष्टी आठवून ठेवा. गाडी कोणत्या अंगावर पडली? बंद पडते ती नेमकी कधी? आणि बंद पडताना बटण दाबल्यासारखी एकदम पडते, की आधी उचक्या देऊन, घुटमळत? एकदम बंद पडणाऱ्या गाडीत बहुधा करंटचा दोष असतो आणि घुटमळणारीत पेट्रोल-हवेचा. एवढ्यावरच निम्मं काम होतं.

मानेवाड्याहून एक वाचक: माझी गाडी १२५ सीसी, २०२१ ची, कार्ब्युरेटर नसलेली, इंजेक्शनवाली. रिंग रोडवर डाव्या अंगावर पडली. आता खड्ड्यातून गेली की झटकन बंद होते, सेल्फ मारला की पुन्हा चालू. कधी कधी पहिला गिअर टाकताच बंद. मेकॅनिक म्हणून राहिला की ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, गेला. बदलू का?

इतक्यात नका बदलू. तुमच्याच पत्रात दोन खुणा आहेत, डावं अंग आणि पहिला गिअर. साइड स्टँड डावीकडेच असतो. १ एप्रिल २०२० नंतर बीएस-६ च्या ज्या गाड्या आल्या, त्यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या स्टँडला स्विच असतो. स्टँड खाली असताना गिअर टाकला की तो इंजिन बंद करतो. काही गाड्या तर स्टँड खाली असताना सुरूच होत नाहीत. पडल्यावर स्टँड किंचित वाकतो, स्प्रिंग सैल होते किंवा स्विचचं बूड तडकतं. मग स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो, आणि खड्ड्यात उडाला की तेवढ्यापुरता करंट तुटतो.

तपासणी फुकट आहे. स्टँड वर करून दोरीने घट्ट बांधा आणि त्याच खड्ड्यांच्या रस्त्याने जाऊन या. गाडी बंद पडली नाही, तर चोर सापडला. बंद पडलीच, तर स्विच अजून सुटला असं समजू नका, कारण त्याचं बूड तडकलं असेल तर दोरीने काही होणार नाही. त्याचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडून आत चिखल-पाणी आहे का पाहा. वायरी जोडून स्विच कायमचा 'बायपास' करून देणारे पुष्कळ भेटतील, पण तसं करू नका. स्टँड खाली राहिलेली गाडी डाव्या वळणावर रस्त्याला अडकते आणि माणूस उडतो. शिवाय सगळ्या गाड्यांचे स्विच एका पद्धतीचे नसतात. काहींत दोन वायरी जोडून भलतंच काही व्हायचं.

दुसरा संशयित म्हणजे गाडी आडवी झाल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो सीटखाली किंवा हेडलाइटच्या मागे असतो. गाडी साधारण साठ-पासष्ट अंशांपलीकडे कलली की तो पेट्रोल पंप आणि स्पार्क दोन्ही तोडतो. पडलेली गाडी उचलून नुसता सेल्फ मारत बसणाऱ्यांची ती का सुरू होत नाही, याचं कारण हेच. चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय तो सेन्सर मोकळा होत नाही. तुमच्या बाबतीत तो जागेवरून हलला असेल, किंवा त्याचं रबर तुटून लोंबकळत असेल, तर प्रत्येक धक्क्याला त्याला वाटणार गाडी पडली. कोणी काढून परत बसवला असेल तर वरची बाजू वरच आहे ना, तेही बघा. त्यावर खूण असते.

आणखी एक बारीक निरीक्षण करा. गाडी बंद पडते त्या क्षणी मीटरचे दिवे जातात का? मीटरही विझत असेल तर स्टँड आणि सेन्सर सोडा. बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज आणि चावीचा स्विच बघा. पडल्यावर टर्मिनलचा नट ढिला होणं इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. मीटर चालू राहून फक्त इंजिन मरत असेल तर वरचे दोन संशयित कायम. मग हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहा. हँडलच्या मानेपाशी वायरींचा जुडगा ताणला जातो. वरून आवरण शाबूत दिसतं आणि आत तांब्याची तार तुटलेली असते. एका टोकाला नेल्यावर इंजिन मेलं, तर दोष तिथेच. हे मात्र गाडी मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये ठेवूनच करा.

हे सगळं होऊनही काही सापडलं नाही तर स्कॅनर लावून घ्या आणि निघालेला बिघाडाचा कोड कागदावर लिहून मागा. कोड न दाखवता ईसीएम बदलायला सांगणाऱ्याकडे मी तरी पुन्हा गाडी नेणार नाही.

इतवारीतून: जुनी स्प्लेंडर, २०१३ ची. दुकानासमोर उजव्या अंगावर पडली आणि बराच वेळ तशीच पडून होती. आता किक मारून मारून सुरू होते, पाच-दहा मिनिटं चालते, मग घुटमळून बंद. पेट्रोलचा वास येऊन राहिला.

वास येतोय म्हणजे आधी ऑइल तपासा, मग पुढचं. गाडी आडवी पडून राहिली की कार्ब्युरेटरमधला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, जागेवर राहत नाही, सुई उघडी राहते आणि पेट्रोल वाहत सुटतं. बाहेर सांडलं तर दिसतं, पण सिलिंडरमध्ये उतरलं तर पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची काडी काढा. पातळी वाढली असेल, ऑइल पातळ लागत असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ते ऑइल काढून नवं भरल्याशिवाय गाडी अजिबात सुरू करू नका. तुम्ही किका मारत बसलात तो वेळ इंजिनासाठी बरा नव्हता.

ऑइल ठीक असेल तर प्लग काढा. ओला-काळा असेल तर पेट्रोल जास्त येतंय. फ्लोटची सुई अडकली असेल किंवा फ्लोटलाच भोक पडून आत पेट्रोल शिरलं असेल. पांढरा-कोरडा असेल तर कमी येतंय. टाकीच्या तळाचा गाळ आदळून सुटतो आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसतो. कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सोडून पेट्रोल स्वच्छ बाटलीत घ्या. पाण्याचे थेंब किंवा गंजाची कणी दिसली की उत्तर मिळालं.

याहून सोपी परीक्षा चोकची. गाडी घुटमळायला लागली की चोक ओढा. सुधारली तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे जेट चोंदलाय किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधलं रबर सरकून-तडकून फालतू हवा ओढतंय. आणखी बिघडली तर पेट्रोलच जास्त आहे. उन्हाने कडक झालेलं ते रबर नागपुरात लवकर तडकतं. पडताना कार्ब्युरेटर हलला की तडा मोकळा होतो. त्याला एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका, रबर नवं टाका.

वास येत असताना प्लग बाहेर काढून स्पार्क बघायचा मोह टाळा. सांडलेलं पेट्रोल पुसून, गाडी मोकळ्या हवेत नेऊन, काही वेळ थांबूनच ते करा.

बुटीबोरीला रोज कामावर जाणारे एक वाचक: पडल्यावर डावीकडचं गोल कव्हर घासलं, बाकी काही नाही. वर्धा रोडवर अर्धा तास चालवली की गाडी एकदम बंद. पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की सुरू. सकाळी मात्र काही त्रास नाही.

आधी टाकीचं झाकण. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. 'सुस्स' आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय आणि पेट्रोल खाली उतरत नाही. मात्र तुमची गाडी 'एकदम' बंद पडते, म्हणून माझा संशय वेगळा आहे.

बहुतेक कम्युटर गाड्यांत डाव्या कव्हरखाली मॅग्नेट आणि त्याच्या शेजारी पल्सर कॉइल असते. स्पार्क कधी टाकायचा हे ती सांगते. कव्हरला मार बसला की कॉइल आपल्या जागेवरून किंचित हलते किंवा तिच्या वायरीला पीळ बसतो. थंड असताना ती काम करते, तापली की आतली तार फाकते आणि स्पार्क जातो. गार झाली की पुन्हा जुळते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना हा दोष रोज दिसेल आणि दिवाळीत नाहीसा झाल्यासारखा वाटेल, एवढाच त्याचा फसवेपणा.

परीक्षा गाडी गरम असतानाच करायची. गार गाडी गॅरेजात नेली की मेकॅनिक दहा किका मारतो आणि म्हणतो, 'भाऊ, काहीच नाही.' जवळ एक जादा प्लग ठेवा. बंद पडल्यावर तो कॅपमध्ये घालून इंजिनच्या हेडला टेकवा आणि किक मारा. स्पार्क नाही, तर पल्सर कॉइल, प्लगला जोराचा करंट देणारी एचटी कॉइल, किंवा स्पार्क सोडणारा सीडीआयचा डबा यांपैकी एक. मल्टिमीटरने कॉइलचा रोध गार असताना आणि गरम असताना मोजा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहा. कव्हर काढताना गाडी मेन स्टँडवर घ्या. अनेक गाड्यांत आतून ऑइल येतं, आणि चुंबक कव्हर आत ओढून धरतो, तेव्हा बोटं सांभाळा. आतून खरखर येत असेल तर मात्र गाडी चालवूच नका.

कामठी रोडवरून: उचलल्यावर पांढरा-निळा धूर निघाला आणि गाडी बंद झाली. रिंग गेली का?

बहुधा नाही. आडवी पडल्यावर ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं. फिल्टर काढून बघा. भिजला असेल तर बदला आणि डबा पुसा. कागदी फिल्टर धुऊन वापरायचा नसतो. किक दगडासारखी अडली तर जोर लावू नका. प्लग काढून हलकेच किक मारा, आत साचलेलं बाहेर येईल.

धरमपेठेतून एक ताई: मुलाच्या गाडीचं काम सुरू झालंय, इंजिन खोलून ठेवलंय. आता विम्याचा क्लेम करता येईल का? एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, जाईल ते वेगळंच.

आधी पॉलिसी बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा, असेल तर आजच कंपनीला कळवा आणि काम थांबवा. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने पाहण्याआधी खोललेल्या इंजिनाचा दोष अपघाताचा की जुना, हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. घासलेलं कव्हर, वाकलेला स्टँड, तुटलेलं लिव्हर, जे काही काढलं असेल ते फेकू देऊ नका.

दोन गोष्टी आणखी. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान कंपनी देत नाही. ऑइल गळत असताना घरापर्यंत चालवत आणलेली गाडी इथेच अडकते. प्लास्टिक, रबर आणि बॅटरी यांवर झीज म्हणून ५० टक्के कापतात, झिरो डेप, म्हणजे अशी झीज न कापणारी जोड, घेतलं नसेल तर. एनसीबीची धास्ती मात्र लोक उगाच घेतात. ती सवलत फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असते, पूर्ण प्रीमियमवर नाही. जुन्या दुचाकीचा ओन डॅमेजचा हप्ता किती, तो पॉलिसीवर छापलेला असतो. त्यावर एनसीबीचे टक्के काढा, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवा आणि मग ठरवा. आणि मुलाला विचारा, गाडी कोणत्या अंगावर पडली होती आणि बंद पडताना मीटर विझत होता का. इंजिन खोलणाऱ्याने हे विचारलं नसेल, तर राहिलेलं काम दुसऱ्याकडे द्या.